टोपीसकट वजन

३ मार्च, मंगळवार

सकाळच्या थैलीत माझ्याच नावाचं पाकीट निघालं. सॉर्टिंगच्या टेबलावर, माझ्याच हातात. कोपऱ्यात इस्पितळाचा शिक्का. नियमाने ते आमच्या भागाच्या पोस्टमनकडे जायला हवं, त्याने ते घरी टाकायला हवं. अकरा वर्षांत मी असला नियम मोडलेला नाही. आज मोडला. उभ्या उभ्या फोडलं.

‘फेरतपासणीत क्रमांक ११७ या बाळाचे जन्मवजन अभ्यासाच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे आढळले. त्यामुळे सदर बाळाची माहिती अंतिम मोजणीत धरली जाणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’

क्रमांक ११७ म्हणजे माझी लेक, फौजदार. हे नाव तिथल्या सिस्टरांनी ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी नाकातली नळी उपटून काढली आणि वर बोट दाखवलं म्हणे! एकोणीस दिवस जगली.

जास्त वजन! माझ्या दोन तळव्यांत मावायची ती.

४ मार्च, बुधवार

काउंटरवर एकाला म्हणाले, ‘पार्सल जास्त वजनाचं आहे, दुसऱ्या खिडकीत जा.’ आणि पार्सल मात्र हातात धरूनच बसले. तो आपला बघत राहिला.

६ मार्च, शुक्रवार

घरी सांगितलं. सांगायला नको होतं.

सासूबाई म्हणाल्या, ‘बरंच झालं की. तिथे नाव तरी राहायला नको. लेकराचा उंदीर केला आणि वर आभार मानतायत मेले!’ मग नेहमीचं – ‘सही करायच्या आधी मला एका शब्दाने विचारलं असतंस.’

विचारायला वेळ होता का? अठ्ठाविसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. नवरा कामाच्या गावाहून परतत होता, त्याचा फोन लागत नव्हता. खाटेशेजारी स्टूल ओढून डॉक्टरांनी नीट समजावलं. बाळ हजार ग्रॅमच्या आत भरलं तर त्याला अभ्यासात घ्यायचं. रोज तोंडात थेंब. निम्म्या बाळांना जंतूंपासून जपणारं औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे साधे थेंब. कुणाला काय मिळतंय हे आईला माहीत नाही, सिस्टरला नाही, खुद्द डॉक्टरांनाही नाही. ‘तुमच्या बाळाला फायदा होईलच असं सांगत नाही,’ तेही म्हणाले. ‘पण पुढच्या बाळांना काय द्यायचं ते कळेल.’ मी वाचलं. दोनदा वाचलं. मग सही केली. एकटीने.

एकोणिसाव्या दिवशी रक्तात जंतू पसरून ती गेली. तेव्हापासून या घरात सगळे धरून चालतात की तिला औषधच दिलं आणि त्या औषधाने ती गेली. म्हणजे माझ्या सहीने.

मी उत्तर देत नाही. लोक म्हणतात मी शांत आहे. शांत कुठली! मूग गिळून बसले होते इतकंच.

तिच्या जन्माचा दाखला आहे. मृत्यूचाही आहे. पण मधले एकोणीस दिवस फक्त त्या अभ्यासाच्या कागदांत आहेत. रोजचं वजन, किती दूध पचलं, किती वेळा श्वास थांबला आणि पुन्हा चालू झाला. आणि आता तेच पुसायला निघालेत. नाही. हे मी होऊ देणार नाही.

९ मार्च, सोमवार

अर्धी रजा टाकून इस्पितळात गेले. जिना चढताना दोनदा थांबले, पण चढले.

अभ्यासाचं काम बघणारी सिस्टर ओळखीचीच. जाड भिंगांचा चष्मा, बोलायला मऊ. मला बघून उभीच राहिली. ‘अहो ताई, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना.’

फोनवर फाइल दिसत नाही, म्हणाले.

फाइल तिने दाखवली. दाखवायची की नाही हे ठरवायला जरा वेळ घेतला, मग दाराकडे बघून दाखवली. जन्मखोलीतलं वजन १०२०. तासाभराने वर काचेच्या पेटीत ठेवताना केलेलं वजन ९८५. घेताना ९८५ धरून घेतलं. आता बाहेरून तपासनीस आले, ते म्हणाले पहिलं वजन तेच खरं. हजाराच्या वर, म्हणून बाद.

‘तासाभरात पस्तीस ग्रॅम गेले कुठे?’ मी विचारलं.

‘काटे वेगवेगळे असतात हो.’

पोस्टात पार्सलच्या काट्यामागे अकरा वर्षं काढलेल्या बाईला हे सांगते! काटे वेगवेगळे असतात, पण इतके खोटे नसतात. आमच्याकडे एवढा फरक पडला तर त्या काट्याला चिठ्ठी चिकटवून कोपऱ्यात बसवतात. आमच्याकडे फरक पडतो तो एकाच कारणाने – वजन मालाचं केलं की बारदानासकट केलं!

मग विचारलं, ‘जन्मखोलीत बाळाच्या अंगावर काय असतं?’

‘काही नसतं. म्हणजे – इतकी लहान बाळं लगेच गार पडतात ना, म्हणून जन्मल्या जन्मल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, गळ्यापर्यंत. आणि डोक्यात टोपी.’

‘वजन करताना काढता?’

‘काढायला हवी.’

‘काढता?’

सिस्टरने चष्मा काढून पुसला. ‘घाई असते हो ताई. गार पडू नये म्हणून... आधी जीव, मग वजन.’

तिचं काही चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही टोपी काढली नसती. पण मग वजनातून टोपी वजा करायची!

१० मार्च, मंगळवार

टोपी कपाटात आहे, ती गेल्यावर इस्पितळाने हातात दिलेली तीच. वरच्या खणात, रुमालात. काल जिना चढायला घाबरले नाही तेवढी आज ते दार उघडायला घाबरले.

उघडलं.

११ मार्च, बुधवार

डब्याच्या पिशवीतून टोपी ऑफिसात नेली. लोकरी, दुहेरी विणीची, वर गोंडा नाही. पार्सलच्या काट्यावर असल्या वस्तूचा पत्ताही लागत नाही. पत्रांचा काटा पाहिजे, एकेक ग्रॅम दाखवणारा. तो पोस्टमास्तरांच्या टेबलावर असतो.

‘साहेब, पाच मिनिटं काटा पाहिजे.’

‘घ्या की. खाजगी पत्र आहे का?’

‘नाही. टोपी.’

त्यांनी टोपीकडे बघितलं. आकाराने त्यांना कळलं असणार. एरवी हा माणूस चिमटे काढल्याशिवाय राहत नाही. आज उठले, पंखा बंद केला. ‘वाऱ्याने काटा हलतो,’ म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

बावीस ग्रॅम. तीनदा ठेवली. तिन्ही वेळा बावीस.

१३ मार्च, शुक्रवार

पुन्हा इस्पितळ. सिस्टरने मला तसलीच कोरी पिशवी काढून दिली, त्यांच्याच खोक्यातली. औषधं मोजायच्या काट्यावर ठेवली – अकरा ग्रॅम. बावीस आणि अकरा तेहतीस. आणि बाळांचा काटा पाच-पाच ग्रॅमच्या पायरीने दाखवतो, मधला आकडा त्याला येतच नाही. तेहतीसचे तो पस्तीसच दाखवणार! सिस्टरच्या अंगावर काटा आला, मला दिसला.

मग मोठे डॉक्टर. अभ्यासाचे प्रमुख, स्टूल ओढून सही घेतली ते हेच. मला खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे सरकवला.

‘तुमचं दुःख मी समजू शकतो—’

‘दुःखाचं बोलायला नाही आले. वजनाचं बोलायला आले.’

हे मी बोलले! माझं मलाच नवल वाटलं.

कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, ‘हिशेब बरोबर दिसतो. पण त्या वेळी टोपी डोक्यात होती याला पुरावा काय? फाइलमध्ये तसं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या सांगण्यावरून मी आकडा बदलला तर उद्या आणखी कुणी सांगेल.’ मग आवाज खाली आणून, ‘आणि खरं सांगू? आता यादीत असून तुम्हाला काय फायदा आहे?’

‘फायद्याचं तुम्ही विचारता? सही घेताना काय म्हणाला होतात? फायदा पुढच्या बाळांना. मग तिने दिलेलं पुढच्या बाळांचं देणं तुम्ही परत का पाठवता?’

त्यांनी पेला आपल्याकडे ओढला आणि माझं पाणी स्वतःच प्यायले.

म्हणाले, असल्या गोष्टी मी ठरवत नाही, संख्याशास्त्रज्ञ ठरवतात. ते बुधवारी येतात. मी त्यांच्याशी बोलून बघतो.

‘नको. मीच बोलते.’

१५ मार्च, रविवार

नवऱ्याला विचारलं. तो जन्मखोलीच्या दाराशी होता, धावतपळत अगदी वेळेवर पोचला होता. मी आडवी होते, मला छत सोडून काही दिसत नव्हतं. ‘काट्यावर ठेवली तेव्हा डोक्यात टोपी होती का?’

तो उठून गॅलरीत गेला. तिथूनच म्हणाला, ‘किती उकरणार आहेस? सोड ना आता.’

सासूबाई आतून, ‘घर सोडून इस्पितळाच्या पायऱ्या झिजवतेय. गेलेलं माणूस वजन करून परत येतं का?’

‘नाही येत, आई. म्हणूनच नीट करायचं.’

भांड्यांचा आवाज थांबला. मी असं उत्तर कधी देत नाही.

दोन महिने झाले, नवऱ्याने तिचं नाव घेतलेलं नाही. लोक येतात, म्हणतात, तरुण आहात, पुन्हा होईल. तो मान हलवतो. मी हलवत नाही. एक पाकीट हरवलं तर दुसरं पाठवा – असं आम्ही काउंटरवरसुद्धा सांगत नाही.

१८ मार्च, बुधवार

आकडेवाले! मला वाटलं कुणी सूटबूटवाला असेल. निघाले साठीचे काका, स्वेटरला कोपरापाशी ठिगळ, खिशात चार पेनं आणि एकही चालत नाही. माझ्याच पेनने लिहिलं.

कागद वाचून म्हणाले, ‘बारदान वजा केलंत! ताई, तुम्ही करता काय?’

पोस्टात असते म्हणाले. ‘तरीच!’

मग त्यांनी समजावलं. इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘शितावरून भाताची परीक्षा, हे ऐकलंय ना? तोच आमचा धंदा. पण त्यात एक अट आहे. शितं निवडून घ्यायची नाहीत. करपलेलं शीत ताटाबाहेर काढलं की भात छानच लागणार! एकदा बाळाची चिठ्ठी निघाली, गट ठरला, की ते त्या गटाचं. जगलं तरी, गेलं तरी. चुकून आत आलेल्याला बाहेर काढता येतं, पण ती चूक खरी असली पाहिजे.’

‘मग काढली कशाला?’

‘कागदावर एक हजार वीस दिसलं म्हणून. कागदाला टोपी दिसत नाही.’

त्यांना विचारलं, ती कुठल्या गटात होती. ‘मलाही माहीत नाही. माझ्यापुढे फक्त गट एक आणि गट दोन. शेवटपर्यंत कळणार नाही आणि कळू नये. नाहीतर माझीच नियत फिरायची.’

मग चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘पण ताई, एक नीट विचार करून सांगा. ती मोजली गेली की जे निघेल ते निघेल. उद्या औषध वाईट ठरलं तर त्यात तिचाही आकडा असेल. म्हणजे तुमच्या सहीच्या विरुद्ध तुम्हीच पुरावा द्याल. चालेल?’

मी विचार करायला वेळ घेतला नाही. ‘वाईट असेल तर ते कळलंच पाहिजे. निदान दुसरी कुणी सही करणार नाही.’

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, ‘पुरावा आणा. टोपी डोक्यात होती एवढं कशावरूनही दाखवा, पुढचं मी बघतो. आणि मग एकट्या ११७चं नाही. त्या खोलीत वजन झालेल्या सगळ्यांचं बघावं लागेल.’

पेन परत द्यायला विसरले. मी मागितलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

जन्मखोलीतली त्या दिवशीची सिस्टर नोकरी सोडून गेली. दाई म्हणाली, रोज इतकी बाळं, मला कसं आठवेल बाई? खरंच आहे.

पुरावा नाही. पण मीही हटणार नाही. काकांना लिहून कळवलं, शोधते आहे.

२२ मार्च, रविवार

दुपारी नवरा माझ्याशेजारी येऊन बसला. हातात फोन. अंगठा तसाच काचेवर धरून बसलेला.

मग म्हणाला, ‘मी एक फोटो काढला होता.’

‘कधी?’

‘काट्यावर होती तेव्हा. सिस्टर ओरडली, फोटो काढू नका. तोपर्यंत काढून झाला होता.’ थोड्या वेळाने, ‘त्यानंतर मी तो उघडला नाही. एकदाही नाही.’

माझ्याकडे फोन देऊन त्याने तोंड फिरवलं. मी बघितलं.

पिशवीत गळ्यापर्यंत. डोक्यात टोपी, भुवयांपर्यंत उतरलेली. एक हात पिशवीबाहेर, मूठ वर. खाली लाल आकडे – १०२०.

तिला इतकी नवी मी कधी बघितलीच नव्हती. मला ती दुसऱ्या दिवशी दाखवली, नळ्यांसकट.

‘बघ ना,’ मी म्हणाले. ‘तूही बघ.’

त्याने बघितलं. मग बोलला, ‘फौजदार आहे खरी! कुणाला तरी दम देतेय.’

दोन महिन्यांनी. आम्ही दोघंही हसलो आणि ते हसणं फार वेळ टिकलं नाही. पण हसलो.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी तिला जिवंतपणी पाहिलंच नव्हतं, आत फक्त आईबापांना सोडायचे. फोन मागितला नाही. मीच नेऊन हातात दिला. पदराने काच पुसली, बघितलं, परत दिला.

२३ मार्च, सोमवार

दोघं गेलो. नवऱ्याने स्वतः डॉक्टरांपुढे फोन ठेवला. डॉक्टरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आकडा बघितला, टोपी बघितली. मग फाइल ओढली आणि १०२० च्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं – ‘टोपी व पिशवीसकट.’ खाली सही, तारीख.

आता सहीचं बोला कुणीतरी मला!

निघताना म्हणाले, ‘मी त्या दिवशी फायद्याचं विचारलं. नको होतं विचारायला.’

मी म्हणाले, ‘बाकीच्यांचीही वजनं बघा.’ माफीबिफी मला जमत नाही, घ्यायलाही नाही आणि द्यायलाही नाही.

३१ मार्च, मंगळवार

पत्र. या वेळी नियमाने घरी येऊ दिलं. दिवसभर तग धरला!

‘क्रमांक ११७ अंतिम मोजणीत धरण्यात येत आहे.’ खाली आकडेवाल्या काकांनी स्वतः दोन ओळी लिहिल्यात – जन्मखोलीतल्या वजनामुळे बाद झालेली आणखी पाच बाळं होती, तीही परत घेतली. एकूण सहा. त्यातली चार आज नाहीत. सहा घरांपैकी एकाच घराने विचारलं.

पाच आया मला माहीत नाहीत. त्यांनाही पत्रं गेली असतील. कदाचित आमच्याच टेबलावरून गेली असतील, माझ्याच हातून.

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘म्हणजे आता जगाला कळणार, त्या औषधाने माझी नात खाल्ली ते.’

‘तसं असेल तर कळेल.’

‘आणि तू त्याच औषधाची बाजू घेऊन भांडत होतीस!’

‘औषधाची नाही, आई. तिची.’

८ एप्रिल, बुधवार

खिडकीत एक बाई आली, पोटुशी, सातवा असेल. पार्सल पाठवायला. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुम्हाला किती मुलं?’

‘एक,’ मी म्हणाले. आणि पावती फाडली.

मागच्या टेबलावरच्या मावशींनी मान वर केली. करू दे. एक म्हणजे एक. मोजून सांगितलं.

२७ एप्रिल, सोमवार

काही बातमी नाही. अभ्यास चालू आहे. सिस्टर भेटली रस्त्यात, म्हणाली जन्मखोलीत भिंतीवर कागद लावलाय – टोपीचं आणि पिशवीचं वजन आधी करा, मग वजा करा.

सही पुन्हा मागितली तर देईन का? रोज विचारते स्वतःला. रोज उत्तर एकच येतं. देईन. वाचून, दोनदा वाचून, देईन.

११ मे, सोमवार

डॉक्टरांचा फोन आला, मी घरीच होते. अभ्यास थांबवला. मधली मोजणी केली, त्या सहा बाळांना धरून. फरक इतका स्पष्ट निघाला की पुढे चिठ्ठ्या टाकणं बरोबर नाही म्हणाले. थेंबांनी बाळं वाचतात. आजपासून सगळ्यांना देणार. आता गट सांगता येतो, ऐकायचंय का, असं विचारलं. मी हो म्हणाले.

तिला साधे थेंब मिळाले होते.

सासूबाई समोरच होत्या. त्यांना सांगितलं, आई, तिला औषध दिलंच नव्हतं. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे द्यायला हवं होतं?’

हो, म्हणाले. द्यायला हवं होतं.